फाटक उघडे आहे, आत चला!

आमच्या वस्तीतील माणसाला मोठ्या फाटकासमोर उभे राहण्याची सवय आहे. साखर कारखान्याचे फाटक, कचेरीचे फाटक, शहरातील सोसायटीचे फाटक. काम असेल तर आत जायचे, काम संपले की निमूटपणे बाहेर यायचे. पण आपल्याला काही पाहायचे आहे, काही विचारायचे आहे, म्हणून आपण होऊन एखाद्या मोठ्या फाटकातून आत गेलो, असे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? वाचकहो, आज आम्ही अशाच एका फाटकाची हकीकत सांगणार आहोत.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस नात्यातील एका मंगल परिणयासाठी आम्ही अर्धापूरहून पुण्याला गेलो होतो. आमचा भाऊ तिथे बांधकामावर मिस्त्री आहे आणि वहिनी एका इमारतीत साफसफाईचे काम करते. लग्न उरकले. गाडीला एक दिवस होता. भाऊ म्हणाला, "हितं पाषाणच्या रस्त्याला मोठी लॅब हाये. वर्षातनं एक दिवस समद्यांसाठी उघडी असतीया. तिकीट न्हाई, काई न्हाई. लेकरांना दाखवून आणू."

वहिनी लगेच म्हणाली, "आपल्याला कोण सोडतंय आत? आन् आपण जाऊन बघायचं तरी काय?"

खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच होते. तरी लेकरांना घेऊन निघालो. सोबत किनवटकडची आमची भाची होती. नववीत शिकणारी, हुशार, पण अबोल. बोलताना तोंडावर हात ठेवायची तिला सवय होती.

ती 'लॅब' म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. लोक तिला एनसीएल म्हणतात. स्वतंत्र भारताने उभ्या केलेल्या पहिल्या मोठ्या प्रयोगशाळांपैकी ही एक. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. औषधे, रंग, प्लास्टिक, शेतीला लागणारी रसायने अशा अनेक विषयांवर इथे संशोधन चालते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने ही प्रयोगशाळा सर्वसामान्य लोकांसाठी खुली ठेवण्याची प्रथा आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कलकत्त्यात प्रकाशाविषयीचा आपला प्रसिद्ध शोध लावला. पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाच्या रंगात किंचित बदल होतो, आणि त्या बदलावरून तो पदार्थ कोणता हे ओळखता येते, असा तो शोध. १९३० साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस देशभर विज्ञान दिन म्हणून साजरा होतो.

फाटकाशी पोचलो तर शाळेच्या मुलांची भली मोठी रांग. कुणी अडवले नाही. कुणी नाव-गाव विचारून तोंड वाकडे केले नाही. आम्ही रांगेत उभे राहिलो आणि रांगेबरोबर आत गेलो. एवढे सोपे होते ते!

हळदीचा डाग

पहिल्याच टेबलावर आमच्या घरातली वस्तू निघाली. हळद! एका तरुण संशोधक मुलीने हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद हातात घेतला, त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला. पिवळा कागद तांबडा झाला. लिंबाचा रस सोडला, पुन्हा पिवळा.

लेकरांनी आश्चर्याने पाहिले. वहिनी मात्र हसली. "ह्यात काय नवल? भाजीचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की लालच व्हतोय की. मुक्या मारावर हळद-चुना लावतो, तवाबी लालच व्हतो."

ती मुलगी मनापासून खूश झाली. म्हणाली, "ताई, हेच तर रसायनशास्त्र! हळदीत कर्क्युमिन नावाचा पिवळा पदार्थ असतो. साबण, चुना, धुण्याचा सोडा यांना अल्कली म्हणतात. अल्कलीत तो तांबडा होतो आणि आम्लात, म्हणजे लिंबात, चिंचेत, पिवळा राहतो. तुम्ही हा प्रयोग रोज करता. फक्त त्याचे नाव तुम्हाला कुणी सांगितले नव्हते."

हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. आपल्या माणसांना रसायनशास्त्र येत नाही असे नाही. रंगारी, धोबी, चांभार, वीटभट्टीवरचा मजूर, केळीच्या बागेत घड उतरवणारा गडी, या सगळ्यांचे हात रोज रसायनांत असतात. हातांना माहीत आहे, पण त्याचे नाव आणि कारण कुणी सांगितलेले नाही. ती नावे पुस्तकात आहेत आणि पुस्तक फाटकाच्या आत.

पुढच्या दालनात काच तापवून, फुंकून नळ्या आणि चंबू घडवणारे कारागीर होते. जाळावर काच मऊ झाली की ते तिला हवा तसा आकार देत होते. आमचा मिस्त्री भाऊ तिथून हलेना. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे प्रयोग याच हातांनी घडवलेल्या काचेत होतात, हे पाहून त्याची छाती फुगली. ज्ञान आणि कष्ट या दोन वेगळ्या जाती नाहीत, हे त्याला कुणी भाषण करून सांगावे लागले नाही.

वहिनीचा प्रश्न

मघाच्या त्या मुलीपाशी परत येऊन वहिनीने हळूच एक प्रश्न विचारला. "बाई, आमी संडास धुताना ॲसिड टाकतो. लवकर निघावं म्हणून त्यातच पावडर बी टाकतो. तवा लई ठसका येतोय, डोळ्याला धार लागती. ते कशानं?"

त्या मुलीच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. ती म्हणाली, "ताई, पुन्हा कधीही असे करू नका. त्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ब्लिचिंग पावडर त्यात पडली की क्लोरीन नावाचा विषारी वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड असतो. तो वर उडून जात नाही, खालीच साचतो. म्हणजे खाली वाकून जो घासतो, त्याच्याच नाकातोंडात जातो." मग तिने सांगितले की पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र या गावाजवळ जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूवर सोडला होता. त्यात हजारो सैनिक तडफडले.

वहिनी गप्प झाली. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, "१७ वर्षं झाली मला ह्या कामाला. कुणी सांगितलं न्हाई."

माता-भगिनींनो, ज्यांच्या घरात साफसफाईचे काम करणारे कुणी आहे त्यांनी हे लिहून ठेवावे. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. एका वेळी एकच वापरा. ते भरपूर पाण्याने पूर्ण धुऊन गेल्याशिवाय दुसरे टाकू नका. दार-खिडकी उघडी ठेवा, हातमोजे मागून घ्या. ठसका बसलाच तर काम तसेच टाकून ताबडतोब मोकळ्या हवेत या. त्रास थांबला नाही तर दवाखान्यात जा आणि काय काय एकत्र झाले ते डॉक्टरांना सांगा.

भाचीचा प्रश्न

पाण्याच्या तपासणीचे टेबल आले, तेव्हा आमची अबोल भाची पुढे सरकली. तोंडावर हात तसाच. तिने विचारले, "सर, बोअरच्या पाण्यानं दात खराब होतात का?"

तिथल्या गृहस्थांनी तिला हात काढायला सांगितले नाही. फक्त विचारले, "बाळा, गावात आणखी कुणाच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत का?" ती म्हणाली, "आमच्या आळीत सगळ्याच पोरांच्या."

मग त्यांनी समजावून सांगितले. जमिनीतील काही खडकांत फ्लोराइड नावाचे क्षार असतात. खोल बोअरच्या पाण्यात ते विरघळून येतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरी सोयच नसेल तरी १.५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नयेत, असे भारतीय मानक आहे. लहानपणी दात तयार होत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेले की दातांवर डाग पडतात. पुढे वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायले तर हाडे आणि सांधेही धरतात.

"मग पाणी उकळलं तर?" भाचीने विचारले.

"नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. आधी पाणी तपासून घ्यायला हवे. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत शोधली आहे. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पण किती तुरटी घालायची हे तपासणीवरूनच ठरते, अंदाजाने नाही."

ही पोरगी रोज राखुंडीने दात घासून हिरड्यांतून रक्त काढत होती. शाळेत तिला 'दात घासत नाहीस का' म्हणून वर्गासमोर उभे केले होते. आमच्यापैकीही कितीजणांनी तिला तेच ऐकवले असेल! दोष तिचा नव्हता, पाण्यातील क्षारांचा होता. हे कळायला तिला नऊ वर्षे शाळेत घालवावी लागली आणि पाचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागला.

गावी परतल्यावर तिने आणि तिच्या वडिलांनी बोअरच्या पाण्याची बाटली तपासणीला दिली. प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त निघाले. आता आळीतील लोक पिण्यासाठी तपासलेल्या आडाचे पाणी आणतात आणि बोअरचे पाणी धुण्या-भांड्यांना वापरतात. भाचीचे डाग गेले नाहीत. पण घरात तान्ही लेकरे आहेत, त्यांचे दात वाचतील. आणि ती आता तोंडावर हात ठेवत नाही.

पाण्याला जात नसते

एका टेबलावर पाण्यातून वीज सोडून त्याचे दोन वायू वेगळे करून दाखवत होते. एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन, आणि हायड्रोजन नेमका दुप्पट. पाणी विजेने असे फोडता येते, हे १८०० सालीच इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी दाखवून दिले होते. आमच्या धाकट्याने विचारले, "कोणतंबी पाणी घेतलं तरी आसंच व्हतंय?" उत्तर आले, "कोणतेही. नदीचे, विहिरीचे, तळ्याचे. पाणी म्हणून जे आहे ते सगळीकडे सारखेच."

वाचकहो, आम्हाला तिथल्या तिथे महाडचे चवदार तळे आठवले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो अनुयायांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात दूध, दही, शेण, गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केले. आज आठवीतले पोरही सांगेल की पाणी कशाने घाण होते आणि कशाने स्वच्छ होते. पाण्यात जंतू किती, क्षार किती, हे नळीत मोजता येते. पाण्याला कोणाचा हात लागला, हे कोणत्याही नळीत दिसत नाही. जे मोजता येत नाही आणि दाखवता येत नाही, त्यावर शतकानुशतके आमच्या घशाला कोरड पाडली गेली! विज्ञान आमच्या मुलांनी का शिकावे, याचे याहून मोठे कारण आम्हाला माहीत नाही.

बंद दार आणि कमलाबाई

विज्ञानाच्या घरातही दारे बंद होती, हे लपवण्यात अर्थ नाही. १९३३ साली कमला भागवत ही मुंबई विद्यापीठाची पदवीधर मुलगी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेली. गुणवत्तेत ती पहिली होती. पण संस्थेचे संचालक असलेल्या रामन यांनी मुलगी म्हणून तिला प्रवेश नाकारला. होय, ज्यांच्या शोधामुळे आपण विज्ञान दिन पाळतो तेच रामन. कमलाबाई मागे फिरल्या नाहीत. त्या अडून बसल्या. शेवटी एक वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर त्यांना घेतले गेले. त्यांचे काम पाहून रामन यांना आपले मत बदलावे लागले आणि मागून येणाऱ्या मुलींसाठी ते दार उघडले. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. पुढे त्या डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या. गरिबांच्या आहारातील डाळी आणि नीरा यांतील पोषक द्रव्यांवर त्यांनी संशोधन केले.

याच एनसीएलचे संचालक झालेले डॉ. रघुनाथ माशेलकर गोव्यातील माशेल गावचे. वडील लवकर गेले, आईने मुंबईत कष्ट करून त्यांना वाढवले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत पायात चप्पल नव्हती, हे ते स्वतः सांगतात. अनवाणी पायांनाही प्रयोगशाळेचा रस्ता सापडतो, एवढेच यातून आपल्या मुलांनी घ्यावे.

घरातच करून पाहा

पुण्याला जाणे सगळ्यांना जमणार नाही. पण अर्धापूर म्हणजे केळीचे गाव आणि केळी म्हणजे चालतीबोलती प्रयोगशाळा. शाळेतील सरांकडून आयोडीनचे पातळ द्रावण मागून घ्या. कच्च्या केळ्याच्या फोडीवर एक थेंब टाका, ती काळी-निळी होईल. म्हणजे त्यात पिठूळ स्टार्च आहे. पूर्ण पिकलेल्या केळ्यावर टाका, तेवढा रंग येणार नाही. पिकताना स्टार्चची साखर झाली! थेंब टाकलेली फोड मात्र खाऊ नका. एक पिकलेले केळे कच्च्या केळ्यांबरोबर पिशवीत बांधून ठेवा, कच्ची लवकर पिकतील. पिकलेल्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, तोच इतर फळांना पिकवतो.

हेच काम झटपट व्हावे म्हणून काही ठिकाणी कार्बाइडची पूड वापरतात. तिच्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश असू शकतात, म्हणून आपल्या देशात तिने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. खाणाऱ्याच्या आधी ती पूड हाताळणाऱ्या मजुराचे हात आणि डोळे भाजतात. आपले कुणी अशा ठिकाणी काम करत असेल तर त्याला हे आवर्जून सांगा. इथिलीन वायूच्या खोलीत फळे पिकवण्याची रीतसर पद्धत आहे आणि तिला परवानगी आहे.

नांदेडलाही मागू या

विद्यापीठाच्या नावासाठी या समाजाने १९७८ पासून १९९४ पर्यंत लढा दिला. नांदेड जिल्ह्यानेही त्यात रक्त सांडले. १४ जानेवारी १९९४ रोजी औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. विष्णुपुरीच्या त्या आवारात रसायनशास्त्राचेही संकुल आहे. अर्धापूरहून सकाळी निघालेला माणूस ते पाहून दिवेलागणीला घरी येऊ शकतो. नाव कमानीवर लागले, आता त्या प्रयोगशाळांच्या हजेरीपटावर आमच्या मुलामुलींची नावे लागली पाहिजेत. त्याची सुरुवात एका दिवसाच्या भेटीने होऊ शकते.

म्हणून आमचे सांगणे असे. विज्ञान दिनाच्या महिनाभर आधी बुद्ध विहारात बसून एक साधा अर्ज लिहा. विद्यापीठात, जवळच्या विज्ञान महाविद्यालयात तो नेऊन द्या. तुमच्याकडे विज्ञान दिनाला काय असते, आम्हाला सहकुटुंब येऊन पाहता येईल का, एवढेच विचारा. असा दिवस असेल तर तारीख मिळेल. नसेल तर तो भरवावा अशी विनंती करा. जाताना फक्त मुलांना पाठवू नका. आई-बापांनी जावे, आजीनेही जावे. प्रत्येकाने आपल्या कामातला एक प्रश्न मनात धरून जावे. रंगकाम करणाऱ्याने रंगाविषयी विचारावे, फवारणी करणाऱ्याने औषधाविषयी, धुणे-भांडी करणारीने हाताला पडणाऱ्या भेगांविषयी. इंग्रजी येत नाही म्हणून लाजू नका. वहिनीने आपल्या बोलीतच विचारले होते आणि उत्तर मराठीत मिळाले होते.

आमची भाची आता म्हणते, मला पाणी तपासायचे काम शिकायचे आहे. ती काय होईल ते आज आम्ही कसे सांगावे? पण त्या दिवशी संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना तिने मागे वळून पाहिले आणि विचारले, "मामा, हितं कामाला लागायचं तर काय शिकावं लागतं?" आपण होऊन विचारलेला तो तिचा दिवसातला तिसरा प्रश्न होता. त्याचे उत्तर आम्हाला तेव्हा देता आले नाही. आता विचारून ठेवले आहे. दहावीनंतर विज्ञान शाखा, मग रसायनशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी. वाट लांब आहे, पण माहीत झाली आहे.

फाटक उघडे असेल तेव्हा आत चला. बंद असेल तर ठोठवा. पण लेकरांना घेऊन बाहेर उभे राहू नका.